जुनी स्पोर्ट्‌स कार: आधी कागद, मग पाणी, मग इंजिन

‘सिंगल ओनर, फक्त अकरा हजार किलोमीटर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, शोरूम मेंटेन्ड.’ जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या जाहिरातीत ही चार बिरुदं हमखास असतात आणि घेणारा नेमका दुसऱ्यावर भाळतो. गाडी बारा वर्षांची असेल तर अकरा हजार म्हणजे वर्षाला धड हजारसुद्धा नाहीत. स्विफ्ट किंवा सिटीच्या बाबतीत हा आकडा ऐकून बरं वाटेल. पण दोन दारांच्या, जमिनीलगत बसणाऱ्या, अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या गाडीबद्दल तो ऐकला की पहिला प्रश्न पडायला हवा: उरलेले सगळे दिवस ती कुठे आणि कशी उभी होती?

आपल्याकडे या गाड्यांचा जुना बाजार आता बऱ्यापैकी भरलेला आहे. पोर्शे अधिकृतपणे २००४मध्ये भारतात आली. मागोमाग ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-४, निसान ३७०झेड आल्या. २०१६मध्ये फोर्डने मस्टँग आणली, त्याच वर्षी फोक्सवॅगनने तीन दारांची पोलो जीटीआय, आणि पाठोपाठ स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस. नव्या असताना यांतल्या बऱ्याच गाड्या सामान्य नोकरदाराने नुसत्या बघायच्या होत्या. आता त्यांतल्या काहींची किंमत नव्या फॉर्च्युनरच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आली आहे. मोह होतो तो इथेच. आणि एक गोष्ट विसरली जाते ती अशी, की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. कोटीच्या गाडीचा ब्रेक डिस्क ती तीस लाखांत मिळाली म्हणून स्वस्त होत नाही.

तपासणीचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी रंग, मग सायलेन्सरचा आवाज, मग मीटर, मग एक फेरी, मग टोकन. कागद सगळ्यात शेवटी, तेही एजंटाच्या हवाली. माझ्या मते सुरुवात कागदांपासूनच करावी. बिघडलेलं इंजिन पैसे टाकून दुरुस्त होतं. बिघडलेले कागद कधीकधी कितीही पैसे टाकले तरी दुरुस्त होत नाहीत.

महागड्या गाड्यांच्या कागदांत एवढी गुंतागुंत का, याचं उत्तर करात आहे. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेरा टक्के एकरकमी कर पडतो. आयात केलेली किंवा कंपनीच्या नावावरची असेल तर वीस टक्के. या कराची कमाल मर्यादा वीस लाख रुपये होती, ती राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तीस लाख झाली. पुदुच्चेरीत हाच कर कितीतरी कमी. त्यामुळे जन्मात कधी पुदुच्चेरीला न गेलेल्या माणसांच्या नावे तिथल्या पत्त्यावर आलिशान गाड्या नोंदवल्या गेल्या आणि त्या वरळी, कोरेगाव पार्क, कोची इथे फिरत राहिल्या. केरळमध्ये यावरून मोठे खटले उभे राहिले. बाजारात याला ‘पाँडी पासिंग’ म्हणतात आणि अशी गाडी दोन-चार लाखांनी स्वस्त मिळते. कायद्याने दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नव्याने नोंदवावी लागते, इथला कर भरावा लागतो, आणि आधीच्या राज्यातला परतावा मिळवायला तिथल्या आरटीओचे उंबरे झिजवावे लागतात. मूळ पत्ताच बनावट असेल तर एनओसी मागायला जाणार कुठे? स्वस्ताई तिथेच संपते.

‘दिल्ली पासिंग’चं गणित वेगळं आहे. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या जुन्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्यात गैर काही नाही. मात्र फॉर्म २८ची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

आयात झालेली गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री मागायचंच. जुनी गाडी परदेशातून आणायचे नियम कडक आहेत: तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं, आणि उतरवायची तीही फक्त मुंबईच्या बंदरात. वर जबर सीमाशुल्क. म्हणून पळवाटा निघतात. तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी परत न पाठवणं ही जुनी पळवाट. सप्टेंबर २०२५मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाने छापे घातले ते भूतानमार्गे आत आलेल्या आणि बनावट कागदांवर नोंदवलेल्या गाड्यांसाठी. अशी गाडी जप्त झाली तर ती तुम्ही चांगल्या मनाने घेतली होती एवढ्यावर सुटका होत नाही. सचिन तेंडुलकरला २००२मध्ये मायकेल शूमाखरच्या हस्ते मिळालेली फेरारी ३६० मोडेना आठवते ना? तिच्यावरच्या सव्वा कोटीच्या आतबाहेरच्या शुल्कमाफीवरून एवढा गदारोळ झाला की शेवटी ती रक्कम फियाटने भरली. पुढे २०११मध्ये ती गाडी सुरतेला विकली गेली. त्या गाडीच्या शुल्काचा इतिहास साऱ्या देशाने वर्तमानपत्रात वाचला होता. तुम्ही घेताय तिचा तुम्हालाच शोधायचा आहे.

बाकी कागद ठरलेले: फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, विमा, पीयूसी, थकलेली ई-चलनं. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर विकण्याचा अधिकार सही करणाऱ्याला आहे का, याचा ठराव. विकणारा डीलर असेल तर आता त्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बघा. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला नमस्कार करा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यातच बसत नाही. आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. काचेच्या खालच्या कोपऱ्यातला, दाराच्या खांबावरचा, पत्र्यात ठोकलेला आणि आरसीवरचा हे चारही एकच हवेत, आणि वाहन पोर्टलवर तोच निघायला हवा. आपल्याच मातीत बनलेल्या डीसी अवंती या स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत एकाच चासी क्रमांकावर एकाहून जास्त नोंदणी झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२०मध्ये गुन्हा नोंदवला होता. खरंखोटं न्यायालय ठरवील, पण दोन मिनिटांची ही तपासणी किती मोलाची आहे ते त्यातून कळतं.

कागद जुळले की पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी बुडालेल्या गाड्यांची नंतर किती वर्षं विक्री होत राहिली हे मुंबईच्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा. पुढे चेन्नई २०१५, केरळ २०१८, सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण २०२१. गाडीचं पासिंग बघून त्या आठवड्यात ती कुठे होती हे विचारायला संकोच कसला? स्पोर्ट्‌स कार मुळात ठेंगणी, आणि उभी असते ती बहुधा इमारतीच्या तळघरात, म्हणजे पाणी सर्वांत आधी शिरतं तिथे.

पुरातली गाडी ओळखायची ती वासावरून नव्हे, वासावर अत्तर मारता येतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गुंडाळलेल्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, कारण तिथवर धुवायला कोणी जात नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा, गालिच्याखालचा फोम दाबून बघा, वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरा आहे का बघा. पोर्शे बॉक्स्टरच्या पहिल्या पिढीत, म्हणजे ९८६मध्ये, चोरीविरोधी यंत्रणेचा संगणक सीटखाली जमिनीलगत बसवलेला आहे. त्याला पूर लागत नाही. छताच्या कडेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या तरी पाणी आत उतरतं, संगणक भिजतो आणि गाडी किल्लीलाच ओळखेनाशी होते. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४मध्ये छत उघडणारी मोटर अशाच तुंबलेल्या नळीमुळे पाण्यात बुडते. उघड्या छताची गाडी घेताय आणि राहताय कोकणात किंवा मुंबईत, तर छत चार वेळा उघडबंद करा, आणि मालकाची परवानगी घेऊन बाटलीभर पाणी कडेने ओतून ते चाकापाशी खाली पडतं का ते बघा. पडलं नाही तर ते कुठे गेलं ते तुम्हाला कळलंच.

आता गाडी लिफ्टवर. खालून न बघता स्पोर्ट्‌स कार घेऊच नये. आपले गतिरोधक कोणत्या मापात बांधतात ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पुढच्या ओठाचं खरचटणं सोडून द्या, ते प्रत्येक गाडीला असतं. ऑइल सम्पवर घासल्याच्या खुणा, सरळ केलेले आडवे पट्टे, ताजा काळा रंग मारलेला तळ या गोष्टी सोडायच्या नाहीत. बॉक्स्टर आणि केमनचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. जाळीतून टॉर्च मारला की आत पानांचा आणि मातीचा लगदा दिसतो; तो ओला राहून एसीचा कंडेन्सर कुजवतो. समुद्राकाठच्या गाडीत हे आणखी लवकर होतं.

अपघात ओळखायला रंगाची जाडी मोजणारा मीटर लागतो. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या घरात असतो; एखाद्या पॅनेलवर आकडा एकदम तीनशेच्या पुढे गेला तर खाली लांबी भरलेली आहे. मात्र अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर अ‍ॅल्युमिनियम ओळखणारा मीटर हवा, आणि फायबरच्या बॉडीवर तो चालतच नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवणारे वाचक असतील. ती पूर्ण फायबरची. अशा गाडीला नखाने ठोकून आवाज ऐकणारा जुना डेंटरच हवा. नुसता रंग झालेला असणं मात्र गुन्हा नाही. मुंबईत बंपर न रंगवलेली गाडी शोधायला गेलात तर गाडीच मिळणार नाही.

इंजिनाकडे वळू. इथे एका गाडीपाशी जरा जास्त थांबतो, कारण जुन्या स्पोर्ट्‌स कारची सगळी गोम तिच्यात दिसते. १९९७ ते २००८ या काळातल्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या ९११मध्ये जी इंजिनं होती त्यांत क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोचवायला एक मधला दांडा आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग. आतलं ग्रीस कालांतराने धुऊन निघतं, इंजिनाचं तेल आत नीट पोचत नाही, आणि बेअरिंग फुटलं की टायमिंग सुटून सगळं इंजिनच जातं. साधारण २००० ते २००५च्या दरम्यानच्या गाड्यांत हा धोका सर्वांत जास्त. त्यानंतरच्या गाड्यांत बेअरिंग मोठं आहे, पण इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. २००९पासून नवं इंजिन आलं, त्यात हा दांडाच नाही. आता गंमत बघा: या इंजिनांवर हात काळे केलेले लोक सांगतात की जास्त चाललेल्या आणि वेळेवर तेल बदललेल्या गाड्यांपेक्षा गॅरेजमध्ये जपून ठेवलेल्या गाड्यांत हे दुखणं जास्त निघतं. म्हणजे जाहिरातीतले ते अकरा हजार किलोमीटर इथे उलटे पडतात.

ठाण्यातल्या एका गॅरेजात अशा बॉक्स्टरची तपासणी होताना मी उभा होतो. ही गाडी समोरून बघणाऱ्याला इंजिन दिसतच नाही. ते सीट आणि मागच्या चाकांच्या मध्ये झाकलेलं असतं, डिकीत फक्त तेल आणि कूलंट ओतायची तोंडं. मिस्त्रीने बोनेट-बिनेटच्या भानगडीत न पडता गाडी वर घेतली, ऑइल फिल्टर काढला, आतला कागद कात्रीने उभा कापला आणि पांढऱ्या फडक्यावर पसरला. घडी उलगडत एकेक पट्टी बोटाने दाबत गेला. मग एक लोहचुंबक फिरवलं. दोन-तीन चमकदार कण चिकटले. ‘हे लोखंड. अ‍ॅल्युमिनियमचं चिकटलं नसतं,’ एवढंच बोलला. गिऱ्हाईक गाडीभोवती फिरून फोटो काढत होतं ते थांबलं. सौदा तिथेच मोडला. अर्ध्या तासाचं काम आणि एका फिल्टरचा खर्च.

त्याच गाड्यांत दुसरं दुखणं सिलिंडरच्या भिंती ओरखडण्याचं. एकाच बाजूचं सायलेन्सर काजळलेलं असणं, तेल खाणं, गरम इंजिनाची टकटक या खुणा. खात्री करायची तर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप कॅमेरा. पोर्शेच्या संगणकात आणखी एक खजिना असतो. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा आणि केव्हा फिरवलं गेलं याची नोंद त्यात टप्प्याटप्प्याने राहते. चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडल्याची चुगली ती नोंद करते. एकूण किती तास इंजिन चाललं हेही तिथे मिळतं, आणि मीटर मागे फिरवणारा ते विसरतो. मीटरवर अकरा हजार किलोमीटर आणि संगणकात नऊशे तास म्हणजे सरासरी वेग ताशी बारा किलोमीटर. मुंबईच्या वाहतुकीला कितीही नावं ठेवा, रविवारी पहाटे लोणावळ्याला जाणारी गाडी एवढी रांगत नाही.

इतर गाड्यांचं थोडक्यात. फोक्सवॅगन समूहाच्या १.८ आणि २.० टर्बो इंजिनांत साधारण २०१२पर्यंतच्या गाड्यांचा टायमिंग चेनचा टेन्शनर, तेल पिण्याची सवय आणि वॉटर पंपाची गळती बघायची. झेड-४च्या ३५आयमधलं दोन टर्बोचं इंजिन जबरदस्त, पण उच्च दाबाचा इंधनपंप, इंजेक्टर आणि विजेवर चालणारा वॉटर पंप हे तीन खर्च गृहीतच धरा. मस्टँगचा पाच लिटरचा व्ही-८ त्या मानाने सरळ स्वभावाचा. तिची काळजी वेगळी. फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन गुंडाळण्याची घोषणा केली, तेव्हा पत्र्याचा किंवा काचेचा भाग मागवायला किती दिवस लागतील हे सर्व्हिस सेंटरला आधी विचारून ठेवा. आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या कुठल्याही गाडीत ई-२० पेट्रोलमुळे इंधनाच्या रबरी नळ्यांची अवस्था बघणं आलंच.

गिअरबॉक्सची मेख पोलो जीटीआयमध्ये छान दिसते. तिचं डीएसजी कोरड्या क्लचचं, २५० न्यूटन-मीटरपर्यंतच झेपणारं. म्हणून कंपनीनेच इंजिनाचा टॉर्क तेवढ्यावर बांधला. परदेशात मॅन्युअल गिअरच्या त्याच गाडीला ३२० मिळायचा. आता एखाद्या हौशी मालकाने ‘स्टेज वन’ रीमॅप करून तो वाढवला असेल तर गिअरबॉक्सचं काय झालं असेल? विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, पण अधिकृत सर्व्हिसच्या नोंदीत ट्यूनिंगचा शिक्का बसलेला असेल तर तो राहतो. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०चं सहा गिअरचं डीएसजी ओल्या क्लचचं, जास्त सोशिक, मात्र साठ हजार किलोमीटरला त्याचं तेल बदलल्याची पावती हवी.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, की गाडी सुरू करून ठेवू नका. बोनेटवर किंवा मागच्या जाळीवर हात ठेवा. गरम लागली तर थंड इंजिनाचा आवाज लपवला गेला. स्कॅनर लावल्यावर एकही दोष दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. दोष पुसले की गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवू लागतात आणि त्या पूर्ण व्हायला बरंच चालवावं लागतं. सगळं स्वच्छ पण चाचण्या अपूर्ण, याचा अर्थ सकाळीच कोणीतरी पाटी पुसून ठेवली आहे.

फेरी मारताना वेग काढायची घाई नको. खड्ड्यांच्या रस्त्याने ताशी वीसने, काचा खाली, संगीत बंद. बुश आणि शॉकअप तिथे बोलतात. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एक चक्कर. वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना हिसके. मग चढ, आणि तापमानाचा काटा. एसी चालू ठेवून.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी भरपूर आणि वय आठ वर्षं असलेला टायर दिसायला नवा, पण दगड झालेला असतो. कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कच्या कडा बघा. ते बदलायची वेळ आली तर सौद्याचं गणितच मोडतं. दुसरी किल्ली आणि चाकाच्या कुलपी नटाचा अ‍ॅडॉप्टर मागून घ्या, नाहीतर पहिल्याच पंक्चरला रस्त्यावर बसाल. उभ्या गाडीत उंदरांनी वायरी खाल्ल्यात का हेही बघा. बॉक्स्टरची बॅटरी पुढच्या बोनेटखाली आणि बोनेट उघडतं विजेवर. बॅटरी मेली की बोनेट बंद आणि बॅटरी आत. फ्यूजच्या खोक्यातून बाहेरची वीज देऊन ते उघडावं लागतं. मालकाला हे माहीत असेल तर गाडी किती वेळा अशी मरून पडली होती तेही विचारा.

लंडन-लेस्टरकडच्या आपल्या मंडळींचं या बाबतीत बरं आहे. तिथे गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की दरवर्षीच्या एमओटी चाचणीचे निकाल आणि त्या वेळचं मीटर फुकट दिसतं. आपल्याकडे वाहन पोर्टल मालक कितवा आणि विमा कधीपर्यंत एवढं सांगतं. गाडीच्या प्रकृतीबद्दल चकार शब्द नाही. विम्याचे जुने दावे मालकाकडूनच लेखी मागून घ्यावे लागतात, आणि द्यायला जो कांकूं करतो त्याचं उत्तर त्यातच आलं. म्हणून सर्व्हिसच्या पावत्यांची फाइल हीच खरी संपत्ती. दर वर्षी थोडी का होईना चाललेली, दर वर्षी तेल बदललेली, चाळीस-पन्नास हजार किलोमीटरची गाडी मी त्या अकरा हजारवालीच्या आधी निवडेन.

निवड सांगायचीच तर: २००९ किंवा नंतरची बॉक्स्टर वा केमन, एमएच पासिंग, पावत्यांसह, हा सगळ्यात शहाणपणाचा सौदा. रोज ऑफिसला न्यायची असेल आणि मागे मुलं बसवायची असतील तर व्हीआरएस. २००९च्या आधीची पोर्शे घ्यायची तर बेअरिंग बदलल्याचं बिल समोर ठेवल्यावरच. कुठलीही घ्या, किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढा. ती काढता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी बघा. आणि पाँडी पासिंगची स्वस्त गाडी असेल तर बघायलाही जाऊ नका.